दाढीला वस्तरा लागणार नाही

दादा,

हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख तू दुसऱ्यांदा चुकवलीस, का तर दाढी काढतील. आता माझं ऐक. दाढीमुळे भुलीचा मास्क नीट बसत नाही, बाजूनं हवा निसटते, हे खरं. पण दाढीवर पातळ चिकट प्लास्टिक लावून तोंडापुरतं भोक ठेवलं की तो घट्ट बसतो. हे पाहायला तुझ्या मेहुण्यांनी दोन महिने दाढी वाढवली. खाजवून खाजवून बेजार झाले, पण काल मास्क बसला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघून होकार दिलाय.

आपल्या अण्णांची दाढी हॉस्पिटलच्या न्हाव्यानं उतरवली, असं मी तुला सांगितलं होतं. त्याला तू अजून शिव्या घालतोस. दादा, तो वस्तरा माझ्या हातात होता. अण्णा बेशुद्ध होते, दाढीमुळे मास्क बसेना, मी नवी नर्स होते, कोणाला विचारायचं सुचलंच नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हनुवटी चाचपली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या तुझ्यासमोर बसून सगळं तोंडानं सांगणार आहे. त्यानंतर तुझी दाढी माझ्या हाती द्यायची की नाही, ते तू ठरव.

तुझी धाकटी