भोकर लाइनवरची थरथर

बुधवार, १८ सप्टेंबर. सकाळी ९:२०. ऑफिस, नांदेड.

आज काय झालं, क्रमाने:

१. सकाळी ६:५२ ला जमीन हलली. अंदाजे तीन सेकंद.
२. मी तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीत दात घासत होते.
३. ६:५३ ला मी रस्त्यावर होते. मध्ये ४८ पायऱ्या.
४. माझ्या हातात राउटर होता. भिंतीवर स्क्रूने बसवलेला राउटर हातात कसा आला, याची नोंद नाही.
५. ब्रश तोंडातच.
६. घरमालकीण गौरम्मा (वय ६८, मूळच्या देगलूरच्या) माझ्यामागून सावकाश उतरल्या. येताना त्यांनी माझ्या खोलीला कुलूप लावलं होतं.
७. नुकसान: नाही. राउटरचे दोन स्क्रू.

मी घाबरले नव्हते. इमारत रिकामी करण्याची शास्त्रीय पद्धत हीच आहे. गौरम्मा म्हणाल्या की एवढ्याशाला कोण पळतं अम्मा, लॉरी गेल्यावर याच्यापेक्षा जास्त हलतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत.

संकल्प: भूकंपाचा विचार दिवसातून एकदाच. संध्याकाळी ६ ते ६:१५.

त्याच दिवशी, ११:४०.

लॉग पाहिला. हा भूकंपाचा विचार नाही, ऑफिसचं काम आहे.

आमच्या कंपनीची फायबर नांदेडहून भोकर आणि पुढे धर्माबादपर्यंत जाते. धर्माबादच्या मिरचीच्या आडती, भोकरच्या दोन पतसंस्था, आणि बाकी सगळे क्लासेस. आलोक सर लातूरच्या हॉलमध्ये फळ्यावर रेघ मारतात, ती त्याच क्षणी नांदेडच्या चार मजली क्लासमध्ये आणि भोकरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिसते. पूर्वी पोरं लातूरला खोली घेऊन राहायची. आता लातूरच पोरांकडे येतं. ते ज्या काचेच्या धाग्यातून येतं, त्यातला प्रकाश मोजण्याचं काम माझं.

भोकर लाइनवरचा प्रकाश आज ६:३१ ला अचानक १.४ डीबीने (डीबी म्हणजे प्रकाश घटल्याचं माप) उतरला. धक्का ६:५२ ला.

एकवीस मिनिटं आधी.

गुरुवार, १९ सप्टेंबर.

फायबरने भूकंप मोजता येतो. परदेशात प्रयोग झालेले आहेत. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी यंत्रं असतात, आमच्याकडे नाहीत. तत्त्व एकच.

मागचे तीस दिवस तपासले. सकाळी प्रकाश उतरला असे दिवस: २२. धक्के: १. उरलेले २१ धक्के आपल्याला जाणवले नसणार.

पावसाच्या आठ दिवशी प्रकाश अजिबात उतरलेला नाही. ओलाव्याने खडक शांत होत असावा. उतरलेला प्रकाश दुपारपर्यंत हळूहळू पूर्ववत होतो. जमिनीचा ताण मोकळा होतो. सगळं जुळतं.

मारोतीला सांगितलं. मारोती आमचा स्प्लायसर, चाळिशीचा. केसाएवढे काचेचे धागे जोडतो आणि त्याच बोटांनी तंबाखू मळतो. तो म्हणाला, मॅडम, तार पोलावर हाय, जमिनीत न्हाई. जमीन काय पोलाला फोन करून सांगून राहिली का, की मी हलणार हाय म्हनून? मी म्हणाले, पोल जमिनीत आहे. त्याने तंबाखू तोंडात टाकली. मुद्दा मान्य झाला.

शनिवार, २१ सप्टेंबर.

मशीन लावून नेमकी जागा काढली. नांदेडपासून २३.४ किलोमीटर.

तिथे काय आहे, मारोतीला विचारलं. वस्ती हाय, म्हणाला. पंधरा घरं, एक बोअर. गाडी काढू का, तासाभरात बघून येऊ. मी म्हणाले, डेटा पुरेसा आहे. त्या रस्त्यावर एक जुना पूल आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही, फक्त नोंद.

रविवार, २२ सप्टेंबर.

चाकूरहून आईचा फोन. ३० तारखेला रजा टाक, म्हणाली. त्र्याण्णवच्या भूकंपाची तारीख तीच, त्या दिवशी ती अजून कुणालाच छताखाली झोपू देत नाही. मी सांगितलं की ३० ला आलोक सरांची स्कॉलरशिप टेस्ट आहे, ऑनलाइन. नांदेडमध्ये ११४० मुलं, भोकरला २६०. पहिल्या पन्नास जणांना लातूरच्या खास बॅचमध्ये जागा. शेषेराव सर, म्हणजे आमचे मालक, स्पष्ट बोललेत: त्या दिवशी लाइन टिकली तर क्लासच्या अकराही शाखा आपल्या. गेली तर तू तुझ्या घरी आणि मी माझ्या.

आईने विचारलं, तुला भीती नाही का गं वाटत? मी म्हणाले, भीती आनुवंशिक नसते, त्र्याण्णवला मी जन्मलेही नव्हते. आई म्हणाली, बरं. मग जिन्यात बसून का बोलतेस? आवाज घुमतोय तुझा.

जिन्यात रेंज चांगली मिळते.

मंगळवार, २४ सप्टेंबर.

प्रोग्रॅम लिहिला. भोकर लाइनवरचा प्रकाश ३ डीबीपेक्षा जास्त उतरला की मेसेज जाईल: "इशारा. इमारत रिकामी करा."

संकल्प: चाचणी पूर्ण होईपर्यंत हा मेसेज फक्त मला. कुणालाही सांगायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४.

आलोक सर लातूरहून आले होते. टेस्टची तयारी पाहत होते. क्लासच्या चौथ्या मजल्यावर उभं असताना खालून टँकर गेला. मी खांबाला धरलं. त्यांनी विचारलं, काय झालं? त्या क्षणी काहीतरी तांत्रिक उत्तर देणं भाग होतं. सगळं सांगितलं.

त्यांचा नंबर यादीत टाकला. तात्पुरता.

गुरुवार, २६ सप्टेंबर.

श्यामनगरच्या चौकात बॅनर. "भूकंपाची पूर्वसूचना देणारा मराठवाड्यातील एकमेव क्लास! फायबर तंत्रज्ञान! पालकहो, निश्चिंत राहा!" खाली आलोक सर हात जोडून. त्यांच्या शेजारी मी, ओळखपत्रावरच्या फोटोत.

आक्षेप घेणार होते. पण शेषेराव सर इतके खूश होते की म्हणाले, मनस्विनी बेटा, कंपनीचं नाव काढलंस. आता कसं बोलणार. मारोती बॅनरखाली उभा राहून म्हणाला, मॅडम, लगीन जमायला बी हाच फोटो चालंल.

दोन पालकांनी रस्त्यात थांबवून विचारलं, आज काही आहे का हो? मी म्हणाले, सध्या स्थिर आहे. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. वाक्य मीच बोलले होते तरी.

शनिवार, २८ सप्टेंबर. सकाळी ८:१०.

२.१ डीबी. आजवरचं सर्वांत जास्त.

नाश्ता केला नाही.

रविवार, २९ सप्टेंबर.

७:०५ ला २.३. ७:४० ला २.६. ८:१५ ला २.८. नंतर हळूहळू वर. हात गार पडलेत. एसीमुळे. एसी बंद आहे, पण कालपर्यंत चालू होता.

मारोती पुन्हा म्हणाला, चला की जाऊन बघू, मीटर बघून काय दिसतं. मी म्हणाले, उद्या टेस्ट आहे, मला इथेच थांबायला हवं. हे खरं आहे. दुसरं कारणही खरं आहे: तिथे जमीन फाटलेली असेल तर ती मला बघायची नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६:१५.

ठरलेली पंधरा मिनिटं संपली. विचार चालू आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर. दुपारी १२:३०.

आलोक सरांच्या क्लासबाहेर, फुटपाथवर.

टेस्ट ८ ला सुरू झाली. तेव्हा १.९. पुढचा अर्धा तास उतरतच गेला. २.४, २.७. ८:४४ ला ३.२. मेसेज गेला. टेस्टसाठी नांदेडला आलेल्या आलोक सरांनी माइकवरून जाहीर केलं की घाबरू नका, बाहेर या. त्यांच्या आवाजावरून ते स्वतः बाहेर पोचलेले होते.

११४० मुलं चार मजल्यांच्या एका जिन्याने उतरली. मी त्यांच्या पुढे होते. वाट दाखवणं आवश्यक असतं.

८:५१ ला भोकर लाइन पूर्ण बंद. प्रकाश शून्य. शून्य पाहिल्यावर मी रस्त्यावर खाली बसले. वाट पाहिली.

जमीन हलली नाही.

९ वाजता हलली नाही. सव्वानऊला नाही. समोरच्या चहावाल्याने विचारलं, मॅडम, कधी व्हायला पाहिजे होता? एका मुलीचा पाय मुरगळला. एक मुलगा पेपर अर्धा राहिला म्हणून रडत होता. म्हणाला, वर्षभर याच्यासाठीच तर बसलो होतो. लातूर केंद्रात पेपर व्यवस्थित झाला.

मारोतीने मोटरसायकल चालू केली आणि माझ्यासमोर उभी केली.

त्याच दिवशी, दुपारी ३:१०. २३.४ किमी.

पूल ओलांडला. डोळे मिटून, पण ओलांडला.

जमीन फाटलेली नाही. बोअर आहे, पंधरा घरं आहेत, आमचे दोन पोल आहेत आणि त्यांच्यामध्ये तुटलेली आमची तार. तारेखाली चिखलात गोधड्या. मोजल्या. ३७.

केवळाबाई नावाच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, तुमची का ही तार? आम्ही हो म्हणालो. त्या म्हणाल्या, दसरा काढला सगळ्या वस्तीनं, परवा-तेरवा घट बसायचे, चार दिस झाले धुणं चालू हाय. आन् आज सगळ्या जाडजूड वल्या गोधड्या टाकल्या तर तुमची तार तुटली. आता कोन धुणार?

मी विचारलं, रोज टाकता?

न्हाई, रोज दोन-तीनच. पाऊस असला की न्हाई टाकत. दुपारून वाळतात.

मी विचारलं, तारेला का?

त्या म्हणाल्या, लई झकास तार. गंजत न्हाई, डाग पडत न्हाई. आधी भ्यायचो हात लावायला. मग ह्योच मानूस सांगून गेला की बाई, काच हाय आत, करंट न्हाई, लहान लेकरानं धरली तरी काय होत न्हाई. त्यांनी बोट मारोतीकडे केलं.

मारोती पोलाकडे बघत होता. म्हणाला, खरंच तर सांगितलं होतं मॅडम.

त्याला तार जोडायला दीड तास लागणार होता. केवळाबाईंनी माझ्यासमोर बादली ठेवली. मी चार गोधड्या धुतल्या. ओल्या गोधडीचं वजन माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त असतं. पाचवी पिळताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, माय, एवढी का थरथरून राहिली तू? पानी तर गार न्हाई.

पाण्याचं तापमान मी मोजलेलं नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर.

बॅनर उतरला. माझा फोटो आधी फाडला, मग बाकीचं.

आलोक सरांनी कंपनीला कळवलं: टेस्ट पुन्हा घेऊ, लाइन कुणाची ते ८ तारखेला ठरवू. पालकांना त्यांनी सांगितलं की तो आपत्ती व्यवस्थापनाचा सराव होता. त्यांच्या शांतपणाबद्दल आदर वाटला.

शेषेराव सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. काय झालं ते लिहून दे. खरं लिही, मग बघू.

बुधवार, २ ऑक्टोबर.

पहिला मसुदा: चार पानं, तीन आलेख. निष्कर्ष: स्थानिक रहिवाशांकडून केबलचा गैरवापर.

मारोतीचा फोन. मॅडम, गोधडी लिहायची तर लिहा, म्हातारीचं नाव घेऊ नका. उद्या कुनी नोटीस घेऊन गेलं तर ती कुठं जाईल? मी म्हणाले, वस्तुस्थिती म्हणजे वस्तुस्थिती. तो म्हणाला, हाव. मग सगळी लिहा.

मसुदा फाडला.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. सकाळी १०.

पाठवलेल्या मेलची प्रत, माझ्या नोंदीसाठी:

"आदरणीय शेषेराव सर,

३० सप्टेंबरचा इशारा चुकीचा होता. प्रकाश उतरत होता तो तारेवर वाळत टाकलेल्या गोधड्यांमुळे. वस्तीचा दोष नाही. तार फार खाली आली होती, हे मी जाऊन बघायला हवं होतं. मारोती दोनदा चला म्हणाला, मी गेले नाही.

कामावर परत घेणार असाल तर तळमजल्यावर जागा द्यावी ही विनंती. सर्व्हर रॅक तिथे असल्यामुळे देखरेख सोयीची होईल, असं आधी लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाकलं आहे. १८ तारखेपासून मला फार भीती वाटते आहे. घरात, ऑफिसात, जिन्यात, सगळीकडे. ती जाईपर्यंत थांबले तर काम होणार नाही, म्हणून ती असतानाच काम करू द्यावं.

वस्तीवर एक लोखंडी तार ताणून द्यायची आहे, कपड्यांसाठी. नोकरी राहिली किंवा न राहिली तरी रविवारी मी आणि मारोती ती लावणार आहोत.

मी मंगळवारी कामावर यायचं की नाही, हे कृपया सोमवार, ७ ऑक्टोबरला दुपारी बारापर्यंत कळवावं.

मनस्विनी"