तीन अंशांची चूक

चिचगड, मे १९५६. संध्याकाळ.

गोंदियाहून नवा थर्मामीटर आला. दुपारी इथे पारा नुसत्या हवेनेच चढतो, म्हणून आज सकाळच्या गारव्यात तांब्याभर कोमट पाण्यात नवा आणि माझा जुना, दोन्ही एकत्र धरले. नवा एकशे दोन, जुना नव्याण्णव. झटकून पुन्हा धरले. तिसऱ्यांदाही तेच. तीन अंश कमी! किती दिवसांपासून?

बाळंतीण सुकवारा दगावून आज आठ दिवस झाले. तिचं बाळंतपण मीच केलं होतं. चौथ्या दिवशी तिची आई म्हणाली, "बाई, पोरीचं आंग तव्यावानी तापून राह्यलं." मी थर्मामीटर लावून काच बघितली आणि सांगून टाकलं, नव्याण्णव आहे, घाबरू नका. माझ्या हातालाही कढत लागलं होतं. लागलं होतंच. तरी मी काचेचं ऐकलं. त्याच दिवशी बैलगाडीने देवरीच्या डॉक्टरांकडे पाठवली असती तर वाचली असती? कोण जाणे. पण मी पाठवली नाही.

जुना थर्मामीटर फोडून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. तरी दुपारी तिच्या घरी गेले. म्हातारी नातीला बोळ्याने शेळीचं दूध पाजत होती. मी सगळं सांगितलं. हाताला लागलं होतं, तेही सांगितलं.

तिने बोळा वाटीत ठेवला. मग म्हणाली, "आता कायले सांगून राह्यली, बाई?"

रागाने नाही, खरंच विचारलं तिने.