सर्वानुमते

४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू बरी असशील. मीही बरी आहे, म्हणजे गुडघे, दात आणि स्वभाव सोडून. तिसऱ्या मजल्यावरचं हे नवं घर हवेशीर आहे. खोली एकच, पण झाडायला कमी लागतं. तुझा बाप काल आला होता. जिने चढून इतका दमला की दहा मिनिटं त्याला माझ्याशी भांडता आलं नाही. तेवढीच शांतता.

आता मुद्द्याचं. आपल्या संस्थेला गेली दहा वर्षं मदत करणाऱ्या देणगीदारांचं पत्र आलंय. पुढच्या पाच वर्षांची मदत द्यायच्या आधी ते म्हणे आमचं मूल्यमापन करणार. हिशेब कसे ठेवता, निर्णय कोण घेतं, विश्वस्त मंडळ काय करतं, हे सगळं बघायला एक बाई येणार, तीन दिवस! एकवीस वर्षं मी पोरांना कामावरून सोडवून शाळेत बसवतेय, जन्माचे दाखले काढून देतेय, फोनवर रडणाऱ्यांना शांत करतेय, आणि आता मला विचारणार की बाई, पैशांचं काय केलंत? ही मदत थांबली तर अडचणीतल्या मुलांसाठीचे आमचे तिन्ही फोन बंद आणि नऊ माणसं घरी, म्हणून गप्प आहे. नाहीतर असं उत्तर धाडलं असतं की पोस्टमनचे हात भाजले असते.

तू याच धंद्यातली. संस्थांना गुण देत फिरतेस. तर तुझ्या ओळखीत कुणाच्या तरी कानावर घाल, नाहीतर निदान नमुना उत्तरं पाठव. तीस वर्षं मास्तरीण होते, पाठांतर पक्कं आहे.

उत्तराला उशीर कर, मायेला करू नकोस.
तुझी आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतक्या जोरात हसले की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ काळजीने पाणी घेऊन आले.

नमुना उत्तरं मिळणार नाहीत, कारण हे मूल्यमापन आमच्याच कंपनीकडे आलंय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांना लिहून दिलं की ही संस्था माझ्या आत्याची आहे, तेव्हा ती फाईल माझ्या टेबलावरून जाता कामा नये. रागावू नकोस. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आमच्या धंद्यात नोकरी घालवते.

आणि हे चोर पकडणं नव्हे गं. चोरी क्वचितच सापडते. आम्ही बघतो ते वेगळंच. तू उद्या सहा महिने अंथरुणावर पडलीस तर फोन कोण उचलणार? तूच अध्यक्ष आणि तूच संचालक, मग तुझं काम कोण तपासणार? तुला शेवटचं ‘नाही’ कोण म्हणालं, आणि कधी?

आता जीव मुठीत धरून लिहिते. खजिनदार बाबा आहेत. चेकवर सही तुझी आणि तुझ्या सख्ख्या भावाची. दोघंही धुतल्या तांदळासारखे आहात हे मला ठाऊक आहे, पण ते मला ठाऊक असून काय उपयोग? परक्याला ते कागदावर दिसायला हवं.

गुडघ्यांना जप. स्वभावाचं औषध अजून निघालेलं नाही.
तुझी लाडकी (अजून आहे ना?) भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. अनेक नाहीत, उत्तमही नाहीत, नुसतेच.

तुला मी बाराखडी शिकवली. आता तू मला कारभार शिकव. तुझ्या बापाला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, पोरगी खरं बोलतेय, मला या खजिनदारकीतून आठ वर्षांपूर्वीच सुटायचं होतं, पण तुला सांगायची हिंमत कुणात होती? म्हणजे तुम्ही दोघं एका माळेचे मणी.

मी कामात आहे.
आत्या


२९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. (उत्तम की कसे, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन.)

त्या बाई येऊन गेल्या. मला वाटलं होतं टाचांचे बूट आणि वर नाक असलेली कुणीतरी येईल. आल्या त्या चापूनचोपून केस बांधलेल्या, पिशवीत स्वतःचा डबा घेऊन. खालच्या सायकलवाल्याने संस्थेच्या जिन्यात टायर रचून ठेवलेत, ते ओलांडून वर आल्या आणि पहिला प्रश्न हाच, की आग लागली तर मुलं बाहेर कशी पडणार. मी उत्तर शोधेपर्यंत त्यांनी वहीत लिहूनही टाकलं.

पहिला दिवस हिशेबाचा. आमच्या हिशेबनीसांनी एकवीस वर्षांच्या पावत्या अशा मांडल्या की जणू मुलीचं लग्न ठरवायला बसलेत. बाई मधूनच एखादी पावती काढायला सांगत, आणि ती अर्ध्या मिनिटात हजर. बल्बपासून वकीलबाईंच्या बस तिकिटांपर्यंत सगळं जागच्या जागी. मी मिशा नसताना मिशांना पीळ देत बसले होते.

मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. गेली सहा वर्षं दर महिन्याच्या सत्तावीस तारखेला एक हितचिंतक रोख पैसे देतो. रक्कम दर वेळी वेगळी, पण नेमकी त्या महिन्याच्या तुटीएवढी. बाई म्हणाल्या, तुमच्या या हितचिंतकाला तुमचं विजेचं बिलसुद्धा पाठ दिसतंय. मी म्हणाले, त्यांना नाव नकोय. त्यांनी नुसता चष्मा पुसला आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सभेच्या वह्या. चौऱ्याऐंशी सभा, आणि प्रत्येक ठरावाखाली सर्वानुमते मंजूर. त्यांनी विचारलं, एकवीस वर्षांत सात माणसांचं एकदाही दुमत झालं नाही, चहात साखर किती यावरूनसुद्धा नाही? आपले डॉक्टर विश्वस्त समोरच होते. ते प्रामाणिकपणे म्हणाले की ठराव मांडेपर्यंत ते जागे असतात, पुढचं बाई, म्हणजे मी, बघून घेतात.

तिसऱ्या दिवशी त्या संस्थेत येणाऱ्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. आमची शिट्टी तुला माहीत नाही. नऊ वर्षांची, पुढच्या दातांत फट, त्यामुळे ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते. त्यांनी मुलांना विचारलं, तुम्हाला इथलं काही आवडलं नाही तर काय करता? शिट्टी म्हणाली, तक्रारपेटीत चिठ्ठी टाकतो, तो आमचा हक्क आहे. मी फुलले. मग त्यांनी विचारलं, ती पेटी कोण उघडतं? शिट्टी म्हणाली, कुणीच नाही, किल्ली बाईंच्या पर्समध्ये असते, आणि पर्सला हात लावायचा आम्हाला हक्क नाही.

भिंगरे, सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

आशीर्वाद उत्तमच समज.
तुझी आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शिट्टीला माझा मुजरा कळव. आम्ही पाच पाच दिवस खपतो आणि जे शोधतो, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

आता दुसरं. तू दोन खोल्यांचं, बाल्कनीचं घर सोडलंस तेव्हा आम्हाला सांगितलंस की जिने झेपत नाहीत. ते घर पहिल्या मजल्यावर होतं. नवं तिसऱ्यावर आहे. तुझी पेन्शन सव्वीस तारखेला येते हे मला पाठ आहे, कारण लहानपणी सुट्टीत मी त्याच दिवसाच्या खाऊची वाट बघायचे. सत्तावीसला हितचिंतक येतो. आत्या, मी मूल्यमापक नसते तरी मला हे कळलं असतं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, मला संशय होता पण विचारलं तर ती जेवू घालणार नाही.

मला तुझा अभिमान वाटतो आणि तुला गदागदा हलवावंसंही वाटतं. वहीत संस्था ठणठणीत दिसते, कारण तू स्वतःला तिच्यात ओततेस. तुला उद्या काही झालं तर पुढच्याच महिन्यात फोन बंद पडेल आणि का पडला हे कुणाला कळणारही नाही. ज्या मुलांसाठी तू हे केलंस त्यांच्याच पायाखाली फळी नाही, नुसती सतरंजी अंथरलेली आहे.

अहवाल लिहून व्हायच्या आत तू स्वतः त्या बाईंना सांग. मी सांगणार नाही. फाईल माझी नाही, आणि गुपित तुझं आहे.

रागावलीस तरी चालेल, पण उपाशी राहू नकोस.
तुझी भिंगरी


२ मे

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि वर चार ज्यादा.

सांगितलं. फोनवर बोलायला जीभ वळेना म्हणून बस पकडून त्यांच्या इथल्या ऑफिसातच गेले. शाळेत उशिरा आलेल्या पोरांना मी जसं दाराशी उभं करायची, तशीच उभी राहिले. म्हणाले, तो हितचिंतक मी आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं, मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तुम्ही सांगाल याची वाट बघत होते. मग विचारलं, देणगीदारांकडे वाढीव मदत कधी मागितली का नाहीत? मी म्हणाले, ते देणार नाहीत. त्या म्हणाल्या, तुमच्या वहीत सहा वर्षं तूटच नाही, तर ते कशाला देतील? मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मला गणितात कुणी धरलं.

अहवाल आला. हिशेबाला ‘अ’. एक पैसा इकडचा तिकडे नाही. कारभाराला ‘क’. तीस वर्षं दुसऱ्यांना ‘क’ देणारीला ‘क’! वर्षभरात सुधारणा करायच्या: अध्यक्ष किंवा संचालक यांपैकी एकच पद, खजिनदार नात्याबाहेरचा, विश्वस्तांना मुदत, तीन महिन्यांचा खर्च राखीव, जिना मोकळा, आणि पेटीची किल्ली मुलांकडे. पहिल्या वर्षाचे पैसे लगेच, बाकीचे हे झाल्यावर.

मी सभा बोलावली आणि ठराव मांडला की या ‘क’चा आपण लेखी निषेध करावा. हात वर केला. बघते तो माझा एकटीचाच हात वर. डॉक्टर टक्क जागे. म्हणाले, बाई, अहवाल बरोबर आहे आणि मी वीस वर्षं झोपा काढल्या त्याचा निषेध आधी करा. तुझा बाप म्हणाला, मी डॉक्टरांच्या बाजूने. सहा विरुद्ध एक! हिशेबनीसांनी वहीत ‘बहुमताने नामंजूर’ लिहिलं, आणि ते शब्द लिहायची सवय नसल्याने दोनदा खोडले. मला आधी संताप आला, मग हसू फुटलं, ते थांबेना. सगळेच हसायला लागलो. इतकी मजा त्या चौऱ्याऐंशी सभांत एकदाही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिट्टीने पेटी उघडली. सतरा चिठ्ठ्या. बाक इतका उंच आहे की पाय लोंबकळतात. फोनवरची ताई घास चावत बोलते. बाई दोन मिनिटं म्हणतात आणि तासाने येतात. एकीत नुसतं मांजराचं चित्र. आणि एकीत लिहिलं होतं: बाई आमच्याबद्दल खूप छान बोलतात, पण आम्हाला बोलू देत नाहीत.

ती चिठ्ठी मी घरी आणली आहे.

पाठीवर हात आहेच, तो धरून ठेव.
तुझी आत्या


८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

‘क’बद्दल हार्दिक अभिनंदन! खोटं वाटेल, पण आमच्याकडे ‘अ’ मिळालेल्या कितीतरी संस्थांत त्या सभेसारखी सभा होत नाही.

बाबांचा फोन होता. खजिनदारकी सुटल्याच्या आनंदात त्यांनी नवे चालायचे बूट घेतलेत. दोन पदांपैकी तू कुठलं ठेवणार, यावर आमची पैज लागली आहे. बाबा म्हणतात अध्यक्ष. मी काय म्हणाले ते सांगत नाही.

हसत राहा, निदान बहुमताने तरी.
तुझी भिंगरी


१९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पैज दोघंही हरलात. मी दोन्ही पदं सोडली. संचालक आपल्या वकीलबाई झाल्या, अध्यक्ष डॉक्टर. खजिनदार म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्यात, कुणाच्याही नात्यातल्या नाहीत, आणि आपण कुणाला आवडावं अशी त्यांची इच्छाही दिसत नाही. उत्तम माणूस आहे. खरी तूट लिहून अर्ज केला, तेव्हा देणगीदारांनी पुढच्या वर्षापासून ती भरून देणं मान्य केलं. सहा वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतं तर! जाऊ दे.

मी आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी फोनवर बसते. गेल्या महिन्यात एका तेरा वर्षांच्या मुलीचा फोन आला. शाळा सोडवून तिला कापडाच्या कारखान्यात बसवलं होतं, दोरे कापायला. तिला परत शाळेत घ्यायचं की नाही यावर परवा अधिकाऱ्यांसमोर सुनावणी होती. पूर्वी असती तर मी उभी राहिले असते आणि वीस मिनिटं बोलले असते. वकीलबाईंनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं की तुम्ही फक्त सोबत.

साहेबांनी तिला काय हवं ते विचारलं. पोरगी गप्प. माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार, कलमांसकट. मी पदराचं टोक दातात धरलं. मिनिट गेलं, दोन गेली. मग ती बोलायला लागली. आधी पुटपुटली, मग नीट. म्हणाली, मी सातवीत वर्गात दुसरी होते. मला परत जायचंय, आणि आईला कामाला दुसरं माणूस मिळेपर्यंत मी घरी मदत करीन, पण कारखान्यात नाही. साहेबांनी पेन उचललं आणि तिच्या वाक्यातले शब्द जसेच्या तसे आदेशात लिहिले. तिने वाकून बघितलं आणि ‘दुसरी’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, साहेब, वेलांटी चुकलीय.

भिंगरे, साहेबांनी ती दुरुस्त केली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले, आणि वकीलबाईंना वाटलं मला गुडघा दुखतोय. येत्या सोमवारपासून ती शाळेत जाणार आहे.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि तुझ्या मनात माझी जागा आहे तशीच राहू दे.
तुझी आत्या