होडीवाल्या बाईंचं स्वयंपाकघर

बेटावरून,
दि. ३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पोचले एकदाची. हाडं जागच्या जागी आहेत. तुझ्या पत्रकात ज्याला तू 'रमणीय जलप्रवास' म्हटलं आहेस, त्यात माझी एक चप्पल भिजली आणि दुसरी तळ्यात गेली. बाकी क्षेम. इथे फोनला रेंज नाही, तेव्हा टपालाच्या होडीवर भरवसा ठेव आणि तुझ्या बाबांना सांग, की तुमची बहीण बुडालेली नाही.

बेट मात्र फार छान आहे गं. दहा-बारा घरं, सगळ्यांची दारं पाण्याकडे. समोर दगडी धक्का. त्यावर होड्या पालथ्या घालून लोक डांबर लावत बसतात आणि दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. मला तर घरच्यासारखंच वाटलं.

आता खरी बातमी. तुझी पहिली सहल इथे यायची, म्हणून मी आधी येऊन बेट बघावं आणि जाहिरातीसाठी फोटो काढावेत, असं आपलं ठरलं होतं. पहिल्याच सकाळी मी घोळ घातला. मला इथे आणणाऱ्या होडीवाल्या बाई धक्क्यावर होडीला डांबर लावत होत्या. तोंडावर इतका सुरेख उजेड पडला होता, की मी पुढे झाले आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरून वर केली! सगळा जन्म पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला. हनुवटी दिसली की हात आपोआप जातो. जित्याची खोड, दुसरं काय!

बाईंनी ब्रश खाली ठेवला, उठल्या, आणि डांबराच्या हातानं माझी हनुवटी धरून तोंड असं उन्हाकडे वळवलं. वर निरखून बघितलंही. मग जो काही हशा उसळला! मी हसले, पण आतून अगदी ओशाळले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे कुठलीही गोष्ट त्यांच्या होकाराशिवाय होत नाही असं आता कळतंय. तुझ्या सहलीचं मी वाटोळं तर केलं नाही ना, एवढाच घोर लागला आहे.

हनुवटी अजून काळी आहे. कॅमेरा पिशवीत ठेवून दिला आहे.

माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी
आत्या

घरून,
दि. ७ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बाबा गालातल्या गालात हसले आणि मी कपाळावर हात मारला. आत्या, अगं काय केलंस हे! होड्या चालवणाऱ्या, सगळं बेट जिचं ऐकतं अशा बाईला तू लहान मुलासारखं हनुवटीला धरलंस?

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे मीच सांगितली नव्हती. बावीस जणांनी नावं दिली आहेत ती बेटासाठी नाहीतच. तुला दाखवल्यावर पत्रकात मी शेवटी एक ओळ वाढवली होती : 'होडीवालीच्या स्वयंपाकघरात एक दुपार.' ती ओळ वाचूनच सगळे आले. एकजण तर विचारत होता, की चुलीजवळ उभं राहून फोटो काढता येईल ना? मी ठोकून दिलं, की का नाही येणार. बाईंना विचारलं होतं का, असं तू विचारशील. नाही विचारलं. वाटलं, पाहुणे आले तर कुणाला आनंद होणार नाही? बाजारात तुरी, आणि मी आमंत्रणं देऊन मोकळी.

आता त्या नाही म्हणाल्या तर माझी पहिलीच सहल बुडेल, आणि बाबांचे मित्र म्हणतातच, की नोकरी सोडून हे काय खूळ. आत्या, तूच काहीतरी कर. त्यांची माफी माग, गोड बोल, पण तेवढा होकार मिळव. त्या ओळीबद्दल कसं सांगायचं ते तू बघ. शक्य असेल तर सांगूच नकोस.

रात्री पाण्यावरच्या वाऱ्यानं तळव्यांना थंडी लावून घेऊ नकोस. बाबांनी मोजे पाठवले आहेत, उगीच नखरे करू नकोस, घाल.

लोभ कमी होऊ देऊ नये ही विनंती.
तुझी
भिंगरी

बेटावरून,
दि. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सांगू नकोस म्हणालीस, मी सांगितलं. रागावू नकोस. ज्या बाईनं तेलाचा बोळा घेऊन माझी हनुवटी घासघासून पुसून दिली, तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. आणि पुसता पुसता त्यांनी मला आत, स्वयंपाकघरातच बसवलं होतं. तुझ्या बावीस माणसांची जागा बघितली गं मी! तिथे दोन स्टूल आहेत. तिसरा माणूस आला तर एकानं पिठाच्या डब्यावर बसायचं.

ती ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, स्वयंपाकघर माझं, दुपार माझी, आणि हे सगळ्यांत शेवटी मलाच कळतंय. रागानं नव्हे हो. बटाटे सोलत सोलत, भाव विचारावा तसं म्हणाल्या. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. थोड्या वेळानं विचारलं, की त्या मुलीला स्वतःचं स्वयंपाकघर आहे का. मी म्हटलं, आहे, बापलेक राहतात. तर म्हणाल्या, मग ठीक आहे. माझं बघायचं असेल तर बघू दे, पण आधी मी तिचं बघेन. तिथे कसं वाटतं ते कळलं, की मग काय ते सांगेन.

तर येत्या रविवारी त्या आणि त्यांची धाकटी जाऊ तुझ्याकडे येताहेत. मी इथेच राहणार. त्यांच्या कोंबड्या माझ्यावर सोपवल्या आहेत. कोंबड्यांनी अजून मला मान्य केलेलं नाही, पण प्रयत्न चालू आहेत.

लोकांना गावोगावी धाडायला निघालीस आणि स्वतः खुर्चीतून हलत नाहीस. उंटावरून शेळ्या हाकणं झालं हे. म्हणून म्हणते, ही संधी समज. त्यांच्यापुढे होकारासाठी लाळघोटेपणा करू नकोस. घर आहे तसं असू दे.

दादाला सांग, मोजे मापाचे निघाले.

आठवण ठेव, म्हणजे उचक्या लागतील.
तुझी
आत्या

घरून,
दि. २० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घर आहे तसं असू दे म्हणे! अगं, मी तीन दिवस घासत होते. धुवायचे कपडे न्हाणीत कोंबले, भांड्यांचं कपाट कसंबसं ढकलून लावलं, बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली.

दोघी बरोबर दहाला आल्या. हातात सुकवलेल्या मासळीची पिशवी. तिचा वास जिन्यात अजून आहे आणि शेजारच्या शिंपीणबाई रोज चौकशी करतात. होडीवाल्या बाई दारात थांबल्या, आत यायचं का म्हणून विचारलं. खिडकीजवळ गेल्या, पडदा सारायचा का म्हणून विचारलं. मी उत्साहानं बाबांचे तरुणपणचे फोटो दाखवायला लागले, तर त्यांनी आधी बाबांकडे बघितलं, ह्यांना चालेल का म्हणून. बाबांना कुणी असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या अंगात शर्टसुद्धा मी न विचारताच चढवला होता.

मग त्यांनी विचारलं, स्वयंपाकघर बघू का? आणि आत्या, मी अडखळले. क्षणभरच. तो गळका नळ, ते कोंबलेलं कपाट, आईच्या वेळचे तडा गेलेले कप, जे मी टाकत नाही आणि कुणाला दाखवतही नाही. मी हो म्हणणारच होते, पण त्या तेवढ्यात वळल्या, बाबांशेजारी बसल्या आणि तळ्यातल्या वाऱ्याच्या गोष्टी सांगायला लागल्या. जणू विचारलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! माझा नुसता चेहरा बघून ही बाई मागे फिरली, आणि मी हिचा चेहराही न बघता बावीस माणसं आत घालायला निघाले होते.

अर्ध्या तासानं मीच जाऊन त्यांना आत बोलावलं. खरंच मनापासून. बटाट्यांसाठी कढई काढायला कपाट उघडलं, आणि अख्खं कपाट त्यांच्या अंगावर! झाकणं, डबे, चाळणी, किसणी. धाकट्या जाऊबाईंच्या डोक्यावर गाळणं बसलं ते तसंच. बाबा जे हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग चौघांनी मिळून कपाट लावलं, गळका नळ बाईंनी दोरा गुंडाळून बंद केला, आणि आईच्या तडकलेल्या कपांतून आम्ही चहा प्यायलो.

होकाराचं मी विचारलंच नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. संध्याकाळी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी बावीस जणांना कळवलं, की स्वयंपाकघराची ओळ मी न विचारता लिहिली होती, ती काढून टाकली आहे. बेट आहे, तळं आहे, बोलावलं तर चहा आहे. सोळा जणांनी नावं मागे घेतली. एकानं फोनवर बरंच सुनावलं. सहा उरलेत. त्यांनाही सांगितलंय, की बेटावरून हो आलं तरच निघायचं. नाही आलं तर पहिली सहल बुडाली असं समजेन आणि दुसरीच्या तयारीला लागेन. रडू येतंय थोडं, पण पूर्वीसारखं नाही.

बाईंना माझा नमस्कार सांग. जाऊबाईंना सांग, की गाळणं आमच्याकडेच राहिलं, त्यांना शोभत होतं.

उत्तर लवकर यावं. प्रेम आहेच, त्याची काळजी नाही.
तुझी
भिंगरी

बेटावरून,
दि. २४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी धक्क्यावर बसून वाचलं आणि नाक पुसलं. सर्दी झाली आहे असं कोंबड्यांना सांगितलं.

आता त्या दोघी परत आल्या तेव्हाचं ऐक. होडी टेकली नाही तोच सगळं बेट धक्क्यावर. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत प्रत्येकाला ऐकायचं होतं : घर केवढं, किती खोल्या, भिंतींना रंग कुठला, बाप कसा आहे, मुलगी आळशी आहे का, काय खायला घातलं. धाकट्या जाऊबाई तर सांगायला इतक्या उतावीळ झाल्या होत्या, की त्यांचं तोंड अर्धं उघडलंच होतं. होडीवाल्या बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

मग त्यांनी सावकाश दोर बांधला, पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्यांना एकदाच सांगितलं, की घर चांगलं आहे, आम्हाला मायेनं जेवू घातलं, आणि ज्यांनी आपल्याला आत घेतलं त्यांच्या घरातलं धक्क्यावर सांगायचं नसतं. लोक हिरमुसले. एका आजोबांनी चिकाटी धरली ती आजवर; मी बाईंना तुझ्या सहा जणांचं सांगत होते तेव्हाही आले, की निदान स्वयंपाकघर कसं आहे तेवढं तरी सांग. तर त्या म्हणाल्या, की ते तुम्ही तिलाच विचारा, पुढच्या महिन्यात ती सहा माणसं घेऊन आपल्याकडे येते आहे.

दादालाही घेऊन ये. लोभ आहे, उरलेला इथे येऊन घे.
तुझी
आत्या