खोली नऊची पाटी

मॉस्को, ३ मार्च १९३७
चहाचे दोन समोवार, भिंतीवरचं एक घड्याळ, बायकोच्या शिवणयंत्राचं चाक आणि अक्षरं कोरायच्या नऊ पोलादी छिन्न्या. सगळं या हातांनी केलेलं, शाळेचं तोंड न पाहता. आज त्या छिन्न्या सरकारी खात्याच्या मुख्य कचेरीत, तळघरातल्या खोली नऊमध्ये मांडल्या. काम एकच : दारांवरच्या पितळी पाट्या. पहिली स्वतःची केली : प्रोहोर साविच चेपुरिन. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या ग्लाफिरा पान्क्रातोव्ना पाहून हसल्या. म्हणाल्या, "साविच, तुमची अक्षरं माणसांपेक्षा टिकतील हो!"

१९ मार्च
खोली एकेचाळीसमधले उपप्रमुख वेदेर्निकोव यांनी आपल्या पाटीवर अंगठा फिरवून पाहिला. कुठं खरखर लागली नाही. मला बसवून चहा पाजला, साखरेचे दोन खडे दिले. माणूस जाणकार.

६ एप्रिल
आठवड्यात एकवीस पाट्या. पितळ संपलं, उतरवलेल्या पाट्या तासून पुन्हा कोरायच्या, असा हुकूम. सकाळी वर्तमानपत्रात ज्यांना शत्रू म्हटलेलं असतं, दुपारी त्यांची नावं मी तासतो. हेर इतके जवळ बसले होते! नेत्यांची नजर म्हणजे नजर.

२० एप्रिल
नव्या पाट्यांच्या यादीत खोली एकेचाळीस, नाव भलत्याचंच. वेदेर्निकोव तर तिथंच बसलेले. चुकीची पाटी माझ्या हातून जायची नाही; सरळ वर जाऊन विचारलं, खोली बदलली का आपली? त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. माझा हात दाबला, आभार मानले आणि निघून गेले. कोट खुंटीवरच राहिला.

२१ एप्रिल
यादीत चूक नव्हती. पाटी लावली. चार स्क्रू.

२४ एप्रिल
सभा. वेदेर्निकोव स्टेशनावर सापडला. वक्ता ओरडत होता, त्याला आतल्याच कुणीतरी सावध केलं. नेते म्हणतात, शत्रूपेक्षा त्याला सावध करणारा वाईट. त्या सावध करणाऱ्याला गोळी घाला, म्हणून सगळ्यांनी हात वर केले. माझा सर्वांत उंच.

२६ एप्रिल
ग्लाफिरा पान्क्रातोव्ना यादी दाराखालून सरकवून गेल्या. साविच नाही, कॉम्रेडही नाही— "नागरिक चेपुरिन" म्हणाल्या. तसं कैद्याला म्हणतात.
यादीत एकच ओळ. खोली नऊ. नाव माझं नाही.

२७ एप्रिल
पितळ नाही. माझीच पाटी उतरवली. तासतोय— खोल कोरलं होतं, जाता जात नाही—
गेलं. नवं नाव कोरलं. कुठं खरखर नाही.

२८ एप्रिल
जिन्यावर बूट. तिघांचे. पाटी लावून झाली, तीन स्क्रू— चौथा हातात—
दूर वोलोग्दा गावच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांनी मुकादमाची जागा देऊ केली होती. तिथं दारावर माझं नाव लागणार नव्हतं, म्हणून नाकारली. महिना तीनशे चाळीस रूब—