किल्ली नसलेली पेटी

३ मार्च १९५५
कर्रर्र. पवनारच्या शाळेत मास्तर पुस्तकांची पेटी उघडत तेव्हा हा आवाज यायचा, आणि मागोमाग कविता. आज दुपारी पडल्या पडल्या तो कानात आला आणि सुचलं, तिजोरीला किल्ली हवीच कशाला? किल्ली चोरीला जाते, कविता जात नाही. अक्षरांच्या चार चकत्या. कवितेच्या चार ओळींची पहिली अक्षरं जुळली की झाकण उघडणार. पेटंट घेणे.

१० मार्च
तानबा लोहाराने पेटी दिली. दुहेरी पत्रा, मधे कापूस. कापूस थंड असतो.
सून कांताच्या बापाने शेत तिच्या नावे लिहून दिलं, त्याचा एकमेव कागद आत ठेवला. पोरगा गेल्यापासून आम्हा दोघांचं पोट त्याच शेतावर. तिचा चुलतभाऊ रूपराव हक्क सांगतो. सव्वीसला वर्ध्याच्या कोर्टात पेशी. कागद इतके दिवस ज्वारीच्या कणगीत होता. अडाणीपणा.

१८ मार्च
पेटी उघडत नाही. खड्या आवाजात कविता म्हणत चकत्या जुळवल्या. तरी नाही. चकत्या गंजल्या असाव्यात. कांता म्हणते, एकेक अक्षर फिरवून पाहू. छड्या खाऊन पाठ केलेली कविता चुकत नसते, असं तिला सांगितलं.

२२ मार्च
मी डोळा लावला की कांता चकत्या फिरवते. पकडली. पेटी आता माझ्या उशाशी.

२५ मार्च
तानबाची छिन्नी वाकली. अभिमान वाटला. तो म्हणाला, आता भट्टीच. कांता आडवी आली.
"मामंजी, आत कागद हाये. लोखंड नाई."
आगीची टेस्ट एकदा व्हायचीच होती.

तोच दिवस, सांज
कुलूप शेवटपर्यंत हटलं नाही. बिजागरीने दगा दिला. कापूस पेटला होता. आत काळा चुरा. कांताने तो पदरात बांधला.

२६ मार्च
ती एकटीच पेशीला गेली. बसल्या बसल्या कविता म्हटली. तिसरी ओळ वेगळीच आली तोंडात. ऊन फार आहे.

३० मार्च
शेत रूपरावला. कांता आजपासून त्याच्याच शेतात गहू कापायला. निदान शेत ओळखीचं आहे.

३ एप्रिल, सांज
कांता जात्यावर. दार वाजलं. रूपराव. मी काठी उचलली. त्याच्या काखेत शेताचे कागद.
"आनंदराव, छिन्नी वाकली म्हणतेत लोकं. तशीच एक पेटी मले बनवून द्या."
आत जातं थांबलं.
त्याला बसवलं आणि विचारलं, शाळेतली कोणती कविता पाठ आहे.