ऑस्ट्रेलियाला गेलेली ओटी

आई, तुझ्याशी भांडायचं राहून गेलं. तू होतीस तेव्हा एकदाच भांडले, तेही अर्धवट. आता आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी फोनवर ऑर्डरी घेते आणि डोंबिवलीतून सिडनीला फराळ पाठवते. परवा विचारायला आली, मावशी, खोक्यात काय चालतं, काय चालत नाही? मी सांगितलं. मग म्हणाली, "तुम्हाला एवढं कसं माहीत?" ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि लिहायला बसले.

शहाडहून, सासरहून, मी कायमची परत आले तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस, हे सगळे तुझं मोठेपण म्हणून सांगतात. त्यानंतरच्या चैत्रातलं हळदीकुंकू त्यांना माहीत नाही. सकाळपासून डाळ मी वाटली, पन्हं मी केलं. बायका यायला लागल्या तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालीस, "तू आतच बस. चार जणी चार प्रश्न विचारतील." बाहेर तू एकेकीची ओटी भरत होतीस. पूर्वी शहाडला परत जायला निघाले की तू माझीही भरायचीस, मला उशीर होतोय म्हणून मी कटकट करायचे. त्या दिवशी मी आत बसून पन्ह्याचे पेले विसळले. सगळ्या गेल्यावर तू ताट आत आणून ठेवलंस. त्यात तांदूळ उरले होते, हळकुंडंही होती. तू ते डब्यात ओतलेस आणि म्हणालीस, "चल, जेवून घेऊ." मी जेवले.

मला वेगळी खोली हवी होती, ठाकुर्लीत, माझ्या नावावर. क्लिअरिंग एजंटच्या कचेरीतल्या पगारात ते जमण्यासारखं नव्हतं. पण त्या नोकरीने एक शिकवलं होतं, माल देशाबाहेर जातो कसा आणि अडतो कुठे. ठाण्याच्या एका गृहस्थांनी तेव्हा नवीनच वेबसाइट काढली होती. ऑस्ट्रेलियातली आपली माणसं कॉम्प्युटरवर फराळ मागवणार, हे पैसे घेणार, आणि फराळ करणं, बांधणं, विमानाने पोचवणं माझ्याकडे. पहिल्या दिवाळीचा माल धड पोचला तर काम कायमचं. मी नोकरी सोडली. तू म्हणालीस, "चकल्या विकायला बी.कॉम. झालीस का?" आणि दुसऱ्या दिवशी न सांगता भाजणी भाजायला घेतलीस. तुझ्या हाताला चव होती, ते मी कधीच नाकारलं नाही.

ऑस्ट्रेलियाचे नियम मी तुला तीनतीनदा सांगितले होते. कच्चं धान्य नाही, बी नाही, मुळं नाहीत. त्यांना त्यांच्या शेतांना कीड नको असते, म्हणून ते खोकं उघडून बघतात. चकली, कडबोळी, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, एवढंच जाणार. तू मान डोलावत होतीस. डबे भरून, वजन करून, चिकटपट्टी लावून मी कागदांसाठी ठाण्याला गेले. संध्याकाळी आले तर पितळी डबाभर लाडू ओट्यावर.

"हे कुठले?"

"उरले. खा एक."

मी खाल्ला. छान झाला होता.

माल गेला आणि तिकडच्या विमानतळावरच अडकला. ठाण्याला फॅक्स आला. प्रत्येक डब्यात कच्चे तांदूळ, हळकुंड, सुपारी. कागदावर यातलं काही नाही. सगळा माल नष्ट केला. त्या गृहस्थांनी फॅक्स माझ्यापुढे सरकवला. "बाई, सही तुमची आहे ना?" सही माझीच होती. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं असतं.

घरी आले तेव्हा तू वाल सोलत होतीस.

"डबे उघडलेस तू?"

"उघडले. मग?"

"आणि तांदूळ घातलेस?"

"मूठभर. ओटीचे गं. परमुलखात पडलेल्या पोरी, दिवाळीचा डबा जायचा आणि तो असा रिकामा?"

"रिकामा? दोन किलो फराळ होता त्यात!"

"फराळ त्यांनी विकत घेतलाय. ओटी कुणी विकत घेतं का? आणि वजनाचं म्हणशील तर तेवढे लाडू काढले होते मी. मला काय अक्कल नाही?"

मी ओरडले. जाळलं त्यांनी सगळं, म्हटलं. तुझा हात थांबला. तुझा चेहरा पडला, पण तो माझ्यासाठी नव्हता. तू म्हणालीस, "ओटीचे तांदूळ जाळले? कसली माणसं गं ती!" आणि पुन्हा वाल सोलायला लागलीस. माझी खोली गेली, नोकरी आधीच सोडलेली, हे तुझ्या डोक्यात त्या दिवशी आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही. त्या कचेरीत मी परत गेले, कमी पगारावर, माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या हाताखाली. ठाकुर्लीला राहायला गेले तोवर तू नव्हतीस.

लोक समजतात, धंदा बुडवलास म्हणून मी तुझ्यावर राग धरून बसले. धंदे बुडतात. पण ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीस त्या बायकांसाठी तू डबे फोडलेस, लाडू मोजून काढलेस, माझ्याशी खोटं बोललीस. त्या सगळ्या नवऱ्याजवळ नांदत होत्या की नाही, हे तू कुणाला विचारलंस? माझ्या बाबतीत तेवढंच पाहिलंस. मी तर भिंतीपलीकडे बसले होते.

एक सांगायचं राहिलं. एक डबा गेलाच नव्हता. पत्ता अपुरा होता म्हणून मी तो पलंगाखाली सरकवला होता. भांडणानंतर काही दिवसांनी तू विठ्ठलवाडीला मामाकडे गेलीस तेव्हा मी तो ओढून काढला. ते तांदूळ केराच्या बादलीत फेकायचे, असंच ठरवून काढला होता. वरच पुडी होती, हळदीकुंकवाचं बोट लावलेली. मी दाराला कडी घातली. पदर पुढे धरला आणि एका हाताने पुडी त्यात उपडी केली. मग उठून त्या तांदळांचा भात लावला, आणि मीठ घालून, तू यायच्या आत, सगळा खाल्ला.